पॅनेलचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा
हत्यारांची पूजा केली. क्रिंपिंग टूल, मल्टिमीटर, टॉर्क पाना. विमानांच्या एव्हिऑनिक्सच्या कामातून निवृत्त झालो, तरी दसऱ्याला ही पेटी पाटावर येतेच. संध्याकाळी ओहायोहून भाच्याचा फोन आला. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः रिव्हेट मारून उभं केलेलं त्याचं दोन आसनी आरव्ही-७ २०११पासून उडतंय. आता त्याला पॅनेल बदलायचंय. "मामा, तीस हजार डॉलर बाजूला ठेवलेत. दोन मोठे पडदे घेऊ ना?" पडद्यांचं नंतर बघू, म्हटलं. आधी सांग, ढगांत शिरणार आहेस का?

१३ ऑक्टोबर
उत्तर आलं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, दोन-तीन वर्षांत घेण्याचा विचारही नाही. शनिवार-रविवार, स्वच्छ हवा, तासा-दीड तासाच्या फेऱ्या. तर मग प्रमाणित जीपीएस नॅव्हिगेटर यादीतून बाहेर. घरी बांधलेल्या विमानाला तिथे पडदे, ऑटोपायलट, इंजिन मॉनिटर प्रमाणपत्राशिवाय बसवता येतात, म्हणून ते स्वस्त पडतात. पण इन्स्ट्रुमेंट नियमांखाली जीपीएसवर उडायचं तर त्या एका पेटीला ठरलेल्या मानकात बसावंच लागतं, आणि पैसा तिथे जातो. पॅनेलमध्ये तिच्यापुरती जागा कोरी ठेवायची, मागे वायरी ओढून ठेवायच्या. पेटी पुढे कधीतरी.

एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा सतत कळवत राहणारं यंत्र, त्याने २०१९मध्येच बसवलंय, कारण १ जानेवारी २०२० पासून तिथल्या बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात ते सक्तीचं झालं. नीट चालतंय. त्याला हात लावायचा नाही.

१७ ऑक्टोबर
आज दिवसभर विजेचा हिशेब. जुन्या पॅनेलमध्ये क्षितिज दाखवणारं यंत्र हवेच्या पंपावर फिरतं. तो कोरडा पंप पूर्वसूचना न देता मरतो, त्यामुळे तो काढण्याच्या बाजूने मी आहेच, वजनही कमी होतं. मात्र पंप गेला की सगळं विजेवर येतं, आणि ही गोष्ट हौशी मंडळी उशिरा लक्षात घेतात. आल्टरनेटर बंद पडला तर काय काय चालू ठेवणार? मी तीन यंत्रं ठेवली: एक पडदा, रेडिओ, ट्रान्सपाँडर. त्याच्या यंत्रांच्या माहितीपत्रकांवरून बेरीज सात अँपिअरच्या आसपास आली. बॅटरी १६ अँपिअर-तासांची, पण ती जुनी होत जाते, थंडीत ढेपाळते. साठच टक्के धरायची. म्हणजे ९.६ भागिले ७. सव्वा तासाच्या थोडं वर. त्याच्या फेरीत वाटेत उतरायला पुरतं, रात्रीच्या उड्डाणाला नाही.

दुसरा मोठा पडदा कशाला, हे त्याने पुन्हा विचारलं. एकाच वीज-बसवर, एकाच सॉफ्टवेअरवर चालणारे दोन पडदे एकदमच जाऊ शकतात. त्यापेक्षा एक मोठा पडदा, आणि वेगळ्या कंपनीचं, स्वतःची बॅटरी असलेलं छोटं क्षितिजयंत्र. मी आयुष्यभर दुरुस्त्या केल्या त्या याच विचाराने: बिघाड एकटा आला तर माणूस सावरतो.

२२ ऑक्टोबर
आज पॅनेल बाजूला. गावातल्या मुलांना विमानांबद्दल सांगायला बोलावलं होतं. त्यांना कॅप्टन अमोल यादवांचं सांगितलं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया' सप्ताहात ठेवलं. नोंदणी नोव्हेंबर २०१७मध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९मध्ये, चाचण्या २०२०मध्ये धुळ्याला. २०१८मध्ये त्यांच्या कंपनीने एकोणीस आसनी विमानांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तोही आमच्याच पालघर जिल्ह्यासाठी. एका मुलीने विचारलं, "काका, नोंदणी झाल्यावर लगेच का नाही उडवलं?" नेमका प्रश्न. धातूचं काम माणूस स्वतः रात्र जागून पुढे ढकलू शकतो, कागदाचं नाही. बजेटमध्ये वर्षंही मांडावी लागतात. आपल्याकडे अशा बांधणाऱ्यांसाठी वाट सोपी व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

२८ ऑक्टोबर, वसुबारस
गल्लीत रांगोळीची तयारी. आमच्या जूचंद्रचे कलाकार माणसाचा चेहरा जमिनीवर असा उतरवतात की जवळून गेलं तरी खरा वाटावा. त्याआधी ते जमीन तासन्‌तास सारखी करत बसतात. पॅनेलची जमीन म्हणजे ग्राउंड. सगळ्या वायरींचे ग्राउंड एका जागी आणले नाहीत तर हेडफोनमध्ये आल्टरनेटरची शिट्टी वाजत राहते, आणि लोक बिचाऱ्या रेडिओला दोष देतात.

भाच्याला लिहून पाठवलं: वायर टेफझेलचीच, पीव्हीसीची नको, जळली तर कॉकपिट विषारी धुराने भरतं. जीपीएसचा अँटेना वर, ट्रान्सपाँडरचा पोटाखाली. दिशा ओळखणारा मॅग्नेटोमीटर लोखंडापासून आणि दिव्यांच्या वायरींपासून लांब. जुन्या वायरी कापून आत सोडायच्या नाहीत, मुळापासून काढायच्या.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
ताई आली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "एवढ्या पैशांत तो सुरक्षित होणार का, ते सांग." मी ऑटोपायलटचं सांगितलं. स्वच्छ हवेत उडणारा वैमानिक चुकून ढगात शिरला की दिशाभान हरवतं आणि विमान हातून निसटतं. पंख सरळ ठेवून मागे वळवणारं यंत्र तिथे जीव वाचवतं. यादीतून एखादी गोष्ट कापायची वेळ आली तरी हे कापायचं नाही, अशी भाच्याला ताकीद दिलीय. ताईचं समाधान झालं की नाही, कळलं नाही. तिने डबा भरून चकल्या मात्र ठेवल्या.

९ नोव्हेंबर
आकडे पक्के. यंत्रं १६,५००. हार्नेस, वायर, ब्रेकर, कनेक्टर ३,५००. पॅनेलचा नवा पत्रा कापणं आणि अँटेना २,५००. पिटो-स्टॅटिक व ट्रान्सपाँडरची चाचणी, विमान पुन्हा तोलणं आणि चाचणीचं इंधन १,५००. मोठा बदल ठरला तर किमान पाच तास चाचणी-उड्डाण करावं लागेल. उरलेले ६,००० हातात राखून ठेवायचे. नकाशांच्या डेटाबेसची वर्गणी दरवर्षीची आहे, ती या तीस हजारांत धरलेली नाही, वेगळी लिहिली.

काम डिसेंबर ते मार्च, बर्फाच्या महिन्यांत, म्हणजे उड्डाणाचा मोसम बुडणार नाही. सगळा माल गॅरेजमध्ये येऊन तपासून झाल्याशिवाय जुनं पॅनेल उघडायचं नाही.

दुसरा मोठा पडदा यादीत नाही. माझा निर्णय झाला, आणि भाच्यालाही तो पटलाय.