हजेरी

शाळेच्या मस्टरवर रोज पहिली सही माझी, हा मी बरीच वर्षे जपलेला अहंकार. रजा फुकट जातात म्हणून सौभाग्यवती हळहळते; मी मनातून सुखावतो. अशा माणसाला सातासमुद्रापलीकडचा एक बेसबॉलपटू सोयरा वाटला, तर नवल नाही. त्याच्या खेळातले मला फारसे कळत नाही. कळते ती त्याची हजेरी.

लू गेरिग त्याचे नाव. न्यूयॉर्कमधल्या गरीब जर्मन कुटुंबात १९०३ साली जन्मला. चार भावंडांत हा एकटाच जगला. आईने लोकांकडे स्वयंपाक करून त्याला शिकवले. पण १९२३ साली कोलंबिया विद्यापीठ सोडून त्याने यांकीज संघाशी करार केला. १ जून १९२५ ला जो मैदानात उतरला, तो सलग २,१३० सामने खेळला! बोटे मोडली, पाठ धरली, तरी गडी हजर. लोक त्याला 'लोखंडी घोडा' म्हणत.

१९३९ मध्ये मात्र त्याचे बळ ओसरले. पहिल्या आठ सामन्यांत चारच फटके साधले. एकदा एक साधा चेंडू त्याने नीट हाताळला, तेव्हा सोबत्यांनी पाठ थोपटली, असे सांगतात. त्या शाबासकीनेच त्याला काय ते कळले. २ मे रोजी डेट्रॉइटला त्याने आपण होऊन आपले नाव वगळायला लावले. कर्णधार तोच, तेव्हा ती यादी पंचांच्या हाती त्यानेच दिली. पुढे मज्जातंतूंच्या असाध्य रोगाचे निदान झाले. ४ जुलैला भरल्या मैदानात त्याने स्वतःला भाग्यवान म्हटले आणि १९४१ साली, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. त्याचा विक्रम १९९५ साली कॅल रिपकेनने मोडला. पण मला आठवते ती न खेळलेल्या दिवसाची यादी.

गेले वर्षभर माझा आवाज बसतो आहे. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितले, ते मी हसण्यावारी नेले. श्रावणात एके दिवशी कविता शिकवून पुस्तक मिटले, तोच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आज शेवटपर्यंत ऐकू आलं!"

पोर कौतुकाने बोलली. माझ्या मात्र काळजात चर्र झाले. मस्टरवर मी हजर होतो. वर्गातून माझा आवाज कधीचाच गैरहजर होता.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन गेलो. मुख्याध्यापक चष्म्यावरून पाहतच राहिले. मी काही बोललो नाही. मौन तेव्हापासूनच सुरू झाले होते.