मग तुम्ही कुठे गेलात?

आमच्या घरात 'जळीत' हा शब्द काळ सांगायला वापरत. आत्याचं लग्न जळिताच्या आधीचं, मोठ्या काकांची मुंज जळितानंतरची. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. सातारा जिल्ह्यातलं आमचंही त्यात गेलं. आजोबा-आजी चार मुलांना घेऊन परसदारानं बाहेर पडले, ते पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. मी त्यानंतर वीस वर्षांनी जन्मलो. तरी माळवद कोसळतानाचा आवाज मला स्वतः ऐकल्यासारखा आठवतो, इतक्यांदा तो आजीच्या तोंडून ऐकला आहे.

दंगलींविषयीचं माझं मत याच गोष्टीतून तयार झालं. जमावाला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. आणि घर जळालं तरी माणूस कष्टानं परत उभा राहतो, कारण आमचे आजोबा राहिले. हे दोन सिद्धांत घेऊन मी १९९६ साली मिशिगनला नोकरीसाठी आलो.

इथल्या आमच्या ओळखीच्या घरांत डेट्रॉइट शहराबद्दलचा पाठ ठरलेला होता. एट माइल रोडच्या, म्हणजे शहराच्या हद्दीच्या, दक्षिणेला कामाशिवाय जायचं नाही, सिग्नलला गाडीच्या काचा वर ठेवायच्या. मला पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं गेलं, पुढे मी ते दहा जणांना सांगितलं. कृष्णवर्णीयांसाठी 'कल्लू' हा शब्द मी वापरला आहे. मुलांसमोर वापरला आहे. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आलं. असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे तयार असे: १९६७ साली त्यांनी आपलीच वस्ती जाळली, मग राहणार कोण? आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि सात वर्षांत घर घेतलं. यांना कोणी अडवलं होतं?

हे मी जेवणाच्या सुट्टीत एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यासमोरही बोललो. ते टूलरूममध्ये होते, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. १९६७ साली ते सतरा वर्षांचे होते आणि जिथे ठिणगी पडली त्या ट्वेल्फ्थ स्ट्रीटपासून चार गल्ल्यांवर राहत. त्यांनी वाद टाळला नाही, आवाजही चढवला नाही. ते फक्त तपशील सांगत. २३ जुलैच्या पहाटे पोलिसांनी एका बेकायदा दारूअड्ड्यावर छापा घातला. आत व्हिएतनामहून परतलेल्या दोन सैनिकांच्या स्वागताची पार्टी चालली होती. ऐंशीहून अधिक लोकांना पकडून गाड्यांत भरेपर्यंत रस्त्यावर गर्दी जमली, कुणीतरी बाटली भिरकावली. पुढचे पाच दिवस शहर जळत होतं, शेवटी लष्कर आलं. ४३ माणसं मेली, त्यांतली ३३ कृष्णवर्णीय. सात हजारांवर लोकांना अटक झाली. पण ते तिथून मागे जात. 'बिग फोर' नावानं ओळखली जाणारी पोलिसांची गाडी कशी यायची, चौघे धिप्पाड पोलीस उतरून शाळकरी पोरांना भिंतीला लावून कसे झडत्या घ्यायचे. शहरातला दर तिसरा माणूस कृष्णवर्णीय आणि पोलिसांत मात्र शंभरात जेमतेम पाच.

मी म्हणायचो, ठीक आहे, पोलीस वाईट होते. मग दुकानं का जाळली? जो व्हॉन बॅटल या माणसाचं रेकॉर्डचं दुकान त्यात गेलं. लहानग्या अरीथा फ्रँकलिनचं गाणं ध्वनिमुद्रित करणारा हा माणूस कृष्णवर्णीयच होता. त्यानं काय केलं होतं? यावर ते म्हणत, काही नाही, त्याचं वाटोळं झालं. ते नाकारत नसत, म्हणून मला वाटे, मी जिंकलो. समोरचा माणूस दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या धरून बोलतो आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल १९६८ सालीच आला होता. दंगलींमागे कुठलाही कट नाही, मुळाशी गोऱ्या समाजाचा वंशद्वेष आहे, असं त्यात सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. त्याची एक जुनी प्रत त्यांनी मला दिली होती. मी ती वर्षानुवर्षं उघडली नाही.

२०१७ साली १९६७ च्या दंगलीला पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त डेट्रॉइटच्या इतिहास संग्रहालयात प्रदर्शन होतं. माझे ते सहकारी तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी फोन करून मला बोलावलं. परतताना त्यांनी गाडी एट माइलच्या अलीकडे एका गल्लीत वळवली आणि एका भिंतीसमोर थांबवली. पुरुषभर उंचीची सिमेंटची भिंत, घरांच्या परसांमागून अर्धा मैल गेलेली. बागेलगतच्या भागावर रंगीत चित्रं काढलेली आहेत. आम्ही गाडीतच बसलो होतो. प्रदर्शनात जळकी घरं पाहून माझं मन भरून आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला वादात शेवटचा शब्दही हवा होता. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना जळिताची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता होता तो. आमचंही घर जळालं. आम्ही कुणाचं जाळलं नाही. आम्ही उभे राहिलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आजी मुलांना घेऊन किती चालली ते विचारलं. मग म्हणाले, "मग तुम्ही कुठे गेलात?"

"पुण्याला."

"कुणाकडे?"

"आजोबांच्या मावसभावाकडे, सदाशिव पेठेत."

"त्यांच्याकडेच राहिलात?"

"नाही, तीन महिन्यांत दोन खोल्या मिळाल्या. वाड्याच्या मालकानं पागडीसुद्धा घेतली नाही."

"ओळखीचा होता?"

"नाही. जळितातली माणसं म्हणून."

मुलांची शाळा? लगेच घेतलं, अर्ध्या फीत. काम? छापखान्यात हिशेब लिहायचं. पैसे? सरकारनं जळीतग्रस्तांना कर्ज दिलं होतं. ही सगळी उत्तरं मी अभिमानानं देत होतो, कारण आमच्या घरात ती अभिमानानंच सांगतात. आजोबांची जिद्द म्हणून. कर्जाचं उत्तर देता देता माझाच आवाज मला वेगळा ऐकू आला. मी जिद्दीची गोष्ट सांगत नव्हतोच. मी एकामागून एक उघडलेल्या दारांची यादी वाचून दाखवत होतो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भिंतीकडे बघत त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांचं घर कुणी जाळलं नाही. हेस्टिंग्ज स्ट्रीटची सगळी वस्ती महामार्गासाठी पाडली, त्यात ते गेलं. वडील भाडेकरू, हातात काही पडलं नाही. ओतकामाच्या कारखान्यात पक्की नोकरी होती, पगार होता, पण एट माइलपलीकडच्या उपनगरांत त्यांना कोणी घर देईना आणि बँक कर्ज देईना. जिथे देत होते तिथे, आधीच भरलेल्या ट्वेल्फ्थ स्ट्रीटला, ते गेले. आणि ही समोरची भिंत? १९४१ साली पलीकडे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती आहे म्हणून गृहकर्जाची हमी देणारं केंद्र सरकारचं खातं तयार होईना. बिल्डरनं मध्ये भिंत घातली आणि मंजुरी मिळाली.

"तुझ्या आजोबांचं घर जळालं तेव्हा ही भिंत सात वर्षांची होती," ते म्हणाले. एवढंच.

मी दंगलीची कारणं वीस वर्षं आगीपासून पुढे मोजत होतो. आणि माझं स्वतःचं इथलं पाऊलसुद्धा १९६५ च्या कायद्यानं पडलं होतं. देश बघून माणसं नाकारणारा जुना नियम त्या कायद्यानं काढला, आणि तो नागरी हक्कांच्या चळवळीनं तापवलेल्या हवेत झाला. ज्यांनी ते दार ढकललं त्यांच्याच मुलांना मी विचारत होतो, तुम्हाला कोणी अडवलं होतं? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला, हे मी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. तेवढ्यापुरतंच.

त्या रात्री मी गावातल्या आमच्या घराचा विचार नव्यानं केला. आजी आग सांगायची, तेव्हा आमची कुळं कोण होती, हे सांगत नसे. आजोबांची थोडी सावकारी होती, हे मला काकांकडून पन्नाशीत कळलं. याचा अर्थ त्यांचं घर जाळणं योग्य होतं असा मी लावत नाही, कधी लावणारही नाही. गांधींच्या खुनाशी माझ्या आजीचा काय संबंध होता? पण वेशीबाहेरच्या महारवाड्यातल्या एखाद्याचं खोपट त्या दिवशी जळालं असतं, तर सदाशिव पेठेतल्या त्या सज्जन मालकानं त्याला दोन खोल्या दिल्या असत्या का? हा प्रश्न आमच्या घरात सत्तर वर्षांत कुणीही विचारला नव्हता. मीही नाही.

आणि सत्तर वर्षांमागे जायचीही गरज नाही. कोथरूडला माझा फ्लॅट आहे, २००४ पासून भाड्यानं दिलेला. एजंट दर वेळी फोनवर विचारतो, "आपल्यातलेच बघू ना?" आणि दर वेळी मी "हो" म्हणत आलो. शाकाहारी हवेत, असं कारण सांगायचो. मी स्वतः इथे चिकन खातो. डेट्रॉइटमध्ये कर्ज न देण्याच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघा ओढल्या गेल्या होत्या. मला तेवढीही मेहनत पडली नाही. एक शब्द पुरला.

भिंत पाहून आल्यानंतर भाडेकरू बदलण्याची वेळ आली, तेव्हा मी एजंटला सांगितलं, जो येईल त्याला दाखव, जात बघू नकोस. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही तिकडे राहता साहेब, सोसायटीत मला जावं लागतं." मी ठाम राहिलो. दोन दिवसांनी त्यानं तीन नावं पाठवली. तिघंही आयटीतले, पगार जवळपास सारखे. फोन हातात धरून मी ती यादी वाचली, आणि पगाराच्या आकड्यावर जाण्याआधी माझे डोळे आडनावांवर गेले.