मुरगाव बंदरातली ती रात्र

बालमित्रांनो, गोव्याला गेलात की तुम्ही काय काय बघता? समुद्र, देवळं, चर्च, किल्ले आणि परतताना काजूची पिशवी! आमच्या शाळेची सहल गेली तेव्हा आम्हीही हेच केलं. पण संध्याकाळी दोना पावलाच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर मी मुलांना समोर बोट करून दाखवलं, "ते पलीकडे मोठमोठ्या क्रेन दिसताहेत ना, ते मुरगाव बंदर. तिथं एकदा हेरगिरीची चित्तथरारक लढाई झाली होती."

झालं! मुलं भेळ खायची विसरली. चला तर, तुम्हीही ऐका.

दुसरं महायुद्ध १९३९ साली सुरू झालं. एका बाजूला जर्मनी, इटली, जपान, तर दुसऱ्या बाजूला ब्रिटन आणि त्याची दोस्त राष्ट्रं. भारत ब्रिटिशांच्या ताब्यात होता, पण गोवा होता पोर्तुगिजांकडे. पोर्तुगाल या युद्धात तटस्थ होता, म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही. म्हणून एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं अन् आन्फोरा हे इटालियन जहाज आसऱ्याला मुरगावात येऊन थांबलं. तटस्थ बंदरात त्यांना कोण हात लावणार?

इकडे अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्या दोस्तांची जहाजं बुडवत होत्या. कुठलं जहाज कधी निघालं हे पाणबुड्यांना कळतं तरी कसं? एहरेनफेल्सवरच्या चोरट्या रेडिओवरून ही खबर जाते, असा ब्रिटिशांचा पक्का समज झाला. शत्रूच्या मुलखात शिरून गुप्त कामगिऱ्या करण्यासाठी ब्रिटिशांनी १९४० साली एसओई नावाची संघटना काढली होती. हे काम तिच्याकडे आलं.

पण अडचण अशी, की तटस्थ बंदरात ब्रिटिश फौज घुसली तर जगभर बोभाटा होणार. मग माणसं कोण निवडली, ठाऊक आहे? कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले गोरे व्यापारी आणि कंपन्यांतले साहेब! त्यातले कितीतरी चाळिशी ओलांडलेले, पोटं सुटलेले. कलकत्ता स्कॉटिशमधले चारजण धरून हे सगळे मिळून अठरा. पकडले गेले असते तर सरकारनं त्यांना ओळखही दाखवली नसती.

गाळ वाहून नेणारी फीबी नावाची एक संथ बार्ज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून कोचीनला आली. यातली बरीचशी मंडळी आगगाडीनं कोचीनला पोचली आणि तिच्यात चढली. इकडे मुरगावात, जहाजांवर कमी माणसं राहावीत म्हणून, त्या रात्री किनाऱ्यावर खलाशांच्या मौजमजेची गुपचूप सोय करून ठेवलेली होती.

९ मार्च १९४३. काळोखात फीबी एहरेनफेल्सला जाऊन भिडली. माणसं वर चढली. गोळीबार झाला. जर्मन कप्तान रोफर मारला गेला. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनी स्वतःच ते पेटवलं आणि तळाच्या झडपा उघडून पाणी आत घेतलं. ते पाहून बाकीच्या तीन जहाजांनीही तेच केलं. बंदरभर ज्वाळाच ज्वाळा! फीबी मात्र सगळ्यांना घेऊन सुखरूप निसटली.

पुढं काय? सत्कार नाही, पदक नाही. घरीसुद्धा काही बोलायचं नाही. १९७८ साली जेम्स लिझर यांचं पुस्तक आलं, तेव्हा कुठं जगाला ही हकिगत नीट कळली. १९८० साली तिच्यावर 'द सी वुल्व्ज' हा चित्रपटही निघाला.

गोष्ट संपली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मागच्या रांगेतली एक मुलगी गप्पच होती. ती म्हणाली, "बाई, पण दुसऱ्याच्या घरात शिरून मारामारी केली, हे बरोबर का हो?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचेना. त्या पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवर शेकडो साधे खलाशी होते, त्यांचे जीव वाचवायचे होते. पण तटस्थ बंदराचा नियमही मोडला होता, तोही चोरून. आणि ज्यांच्या दारात ही आग लागली त्या गोवेकरांना ना ब्रिटिशांनी विचारलं, ना जर्मनांनी, ना पोर्तुगिजांनी. मी तिला एवढंच म्हटलं, "ती माणसं धाडसी होती, हे खरं. आणि तुझा प्रश्नही खरा आहे. दोन्ही लक्षात ठेव."

मित्रांनो, तुम्ही दोना पावलाला जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण क्षणभर पलीकडच्या त्या बंदराकडेही बघा. आणि त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करा.