पाताळांतले धक्के आणि आमचें माळवद

भूकंप हा विषय आम्हां सोलापूरकरांच्या बोलण्यांत १९९३ पर्यंत फारसा नसे. अवर्षणाशीं आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा. पण पायांखालची काळी आई कधीं अशी अंग झाडील, हें मनांतहि येत नव्हतें. अनंतचतुर्दशीचे गणपति बोळवून गांवेंच्या गांवें निजलीं असतां, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं शेजारच्या किल्लारी-सास्तुराकडील भूमि हादरली आणि सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं.

पुढें आठच महिन्यांनीं, ९ जून १९९४ रोजीं, बोलिव्हियाखालीं भूकंप झाला. किल्लारीचा ६.२ प्रतीचा, हा ८.२ चा, म्हणजे शक्ति हजारपट! तो थेट कॅनडांत जाणवला, पण प्राणहानि अगदीं थोडी. कारण त्याचा उगम सुमारें ६३० किलोमीटर खोल होता. आमचा जेमतेम दहा.

आतां इतक्या खोलीवर खडक तुटतोच कसा? तेथील उष्णतेंत व दाबाखालीं तो कणकेसारखा वाकावा. असे खोल भूकंप खरोखर होतात, हें जपानच्या वादाती यांनीं १९२८ सालीं दाखविलें. समुद्रतळाचा थंड पट्टा खंदकांतून पृथ्वीच्या पोटांत उतरत असतो, त्यांत हे होतात. परंतु सर्वत्र सारखे नव्हे. कोलंबियांतील बुकारामांगाखालीं, हिंदुकुशाखालीं त्यांचे घोळकेच आढळतात. याविषयीं एक तर्क मोठा मनोवेधक आहे. समुद्रतळ कांहीं सपाट नाहीं; त्यावर विझलेले ज्वालामुखी आहेत, लांबच लांब भेगा आहेत. त्या भेगांतून पाणी मुरून खनिजांत बद्ध होतें. पट्टा खोल गेला कीं तें पिळून निघतें, आणि जेथें जुनी भेग तेथेंच खडक पुन्हां पुन्हां तडकतो. हिंदुकुशासाठीं मात्र दुसरेंच सांगतात: तेथें लोंबणारा तुकडा ताणून तुटत आहे. आम्हांस पहिला तर्क आवडतो. त्यास सिद्धान्त म्हणण्याचा धीर अजून होत नाहीं.

आमच्याकडे असा खंदक नाहीं. पण किल्लारीस पुढें छिद्र घेतलें तेव्हां सुमारें ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपून अतिप्राचीन खडक लागला. जुनी दुखापत वरच्या पांघरुणाखालीं झांकली होती, इतकेंच.

आणि माणसें मारलीं तीं त्या खडकानें नव्हेत. चिखलांत रचलेल्या दगडांच्या हात-दोन हात रुंद भिंती, वर लांकडी तुळयांवर मातीचें धाबें. गळूं नये म्हणून त्यावर दर उन्हाळ्यांत पांढऱ्या मातीचा नवा थर. उन्हांत थंडगार अशी ही आमची माळवदें. त्यांच्या सुखाची गोडी आम्हीहि चाखली आहे.

आमच्या गांवच्या वाड्यावर यंदाहि माती टाकण्याचा बेत चालला आहे. नवा थर नकोच, उलट जुने थर उतरवून वर पत्रा घालावा, असें आम्ही थोरल्या काकांस दोन पत्रांतून विनविलें. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें: वाड्यानें किल्लारीचा धक्का पाहिला आहे, तुम्ही सुटींत फावडें धरावयास या.