सुपातला पाऊस

दिवाळी झाली की आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटकं, दंडारीसारखी लोकनाट्यं. दुसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी पोरं पेंगत असतात, उरलेली नटांच्या नकला करतात. त्या नकला बंद करण्यात मी मास्तर म्हणून बरीच वर्षं घालवली. यंदा मात्र सातवीच्या पोरांसोबत पाच मिनिटांची श्रुतिका करायची ठरवली. श्रुतिका म्हणजे डोळे मिटून बघायचं नाटक, माझं ज्ञान एवढंच.

पहिल्या दिवशी मोबाईल टेबलावर ठेवला आणि पोरांनी जीव ओतून संवाद म्हटले. ऐकायला बसलो, तर नुसती पंख्याची घरघर. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "आपला कान पंखा सोडून देते सर, मोबाईल नाई सोडत."

मग पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीत गेलो. दार लागतं, एवढ्याच विचाराने. तिथे आवाज घुमेनासा झाला, कारण पोत्यांनी तो शोषून घेतला होता. स्टुडिओच्या भिंतींना मऊ आवरण का लावतात, ते तिथे कळलं. तालीम अकरा मिनिटं रंगली. मी रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दोनदा दाबला होता. हाती आली तीन सेकंद.

गोष्टीतल्या पावसाचा आवाज मी इंटरनेटवरून घेणार होतो. त्याच पोरीने घरून सूप आणि पसाभर धान आणलं. सूप हळूहळू तिरपं केलं, दाणे सरसरत खाली आले आणि कोठीत झड लागली. मोबाईल अगदी जवळ धरला तर गारा, वीतभर लांब धरला तर पाऊस. हे अंतर तिने स्वतःच शोधलं. सिनेमात याला फोली म्हणतात, जॅक फोली नावाच्या हॉलिवूडच्या माणसावरून. मी त्याचं 'ध्वनिनिर्मिती' असं भाषांतर केलं. पोरांनी 'आवाजाचं सोंग' म्हटलं. त्यांचाच शब्द ठेवला.

गोष्टीत सारस होता. महाराष्ट्रात सारस म्हटलं की आमचा गोंदिया जिल्हाच. एका पोराला म्हटलं, काढ आवाज. तो गप्प. "एकटा कसा बोलल सर? जोडीनं बोलते तो." दुसऱ्याला घेऊन आला, एकाने हाक दिली, दुसऱ्याने लगेच तोडून उत्तर. सारस उतरतात त्याच धानाच्या बांध्यांच्या कडेने मी रोज शाळेत येतो. नर-मादी मिळून आवाज देतात, हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

संकलनात मोबाईलवर आवाजाची डोंगरासारखी रेघ दिसते. सपाट जागा म्हणजे वाया गेलेला वेळ समजून मी सगळ्या कापल्या, आणि संवाद मेल्यासारखे झाले. दर मंडईत प्रॉम्प्टरजवळ जागा धरणारा पोरगा म्हणाला, "तेथं प्रॉम्प्टर भी थांबते सर." सगळं पुन्हा जोडायला दोन दिवस लागले.

श्रुतिका ऐकून सूप आणणाऱ्या पोरीच्या आईने विचारलं, "गुरुजी, याचं पुढं काय?" मला उत्तर आलं नाही. रात्री बसून शोधलं आणि कागदावर लिहून दिलं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1960 सालापासूनची. तिथे ध्वनीचा वेगळा अभ्यासक्रम आहे, पण आधी पदवी लागते. तिथेच शिकलेल्या रसूल पुकुट्टींना 2009 साली आवाजाच्या कामाचं ऑस्कर मिळालं. नागपूरचे राजकुमार हिरानी, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, स्वतः कॉमर्सचे, नाटकं करायचे. ते तिथे संकलन शिकले आणि पुढे दिग्दर्शक झाले. आईने कागद दोनदा वाचून घेतला. "म्हंजे शिक्षण सोडाचं नाई," एवढंच म्हणाली.

माझ्या शिक्षक मित्रांनो, मंडईच्या दुसऱ्या दिवशी नकला करणाऱ्या पोरांना गप्प बसवू नका. पंखा बंद करा, मोबाईल समोर धरा आणि जे येईल ते त्यांनाच ऐकवा.