जिनीव्हा येथील कल्पकांची जत्रा

जिनीव्हा हें नगर राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदांमुळें वाचकांस नांवानें परिचित आहेच. परंतु तेथें प्रतिवर्षीं नवनव्या शोधांचें एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९७२ सालीं हा उपक्रम सुरू झाला. २०२४ च्या एप्रिलांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तें पाहावयास गेलों. मंडळी पांच : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई व चौदा वर्षांचा नातू.

विमानतळाला लागून असलेल्या पॅलेक्स्पो नामक विस्तीर्ण गृहांत शिरतांच आपल्याकडील जत्रेची आठवण झाली. रांगेनें मांडलेलीं लहान लहान दालनें. प्रत्येकाशीं आपली वस्तु चालवून दाखविणारा तिचा कर्ता. आणि टिपणें घेत फिरणारे परीक्षक. कोठें वैद्यकीचीं उपकरणें, कोठें शेतीचीं अवजारें, कोठें स्वयंपाकघरांतील सोयी. एके ठिकाणीं हात कांपणाऱ्या माणसाचा घास सांडूं नये म्हणून केलेला चमचा होता. कर्त्याच्या वडिलांस कंपवात जडला होता, त्यावरून ही कल्पना सुचली, असें त्यानें सांगितलें. आमच्या कुटुंबानें तो चमचा बराच वेळ हातांत धरून पाहिला.

येथें केवळ कौतुक करून घेण्यास कोणी येत नाहीं. कल्पना ज्याची त्याजवळ बहुधा भांडवल नसतें, आणि भांडवल ज्याचें त्याजवळ कल्पना नसते. त्यांची गांठ घालून देणें हें अशा जत्रेचें खरें कार्य. मुंबईंत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांसहि मुद्राक्षरें ओतण्याच्या यंत्रापायीं लंडन व पुढें अमेरिका गांठावी लागली.

नातवानें मात्र मार्मिक प्रश्न केला : "आजोबा, असें सगळ्यांसमोर मांडलें तर कोणी चोरणार नाहीं का?" हीच शंका पूर्वीं मोठमोठ्यांस पडली होती. १८७३ सालीं व्हिएन्ना येथें प्रदर्शन भरलें, तेव्हां आपल्या कल्पना कोणी पळवील या भीतीनें कित्येक परदेशीय शोधकांनीं भाग घेण्याचें नाकारलें. पुढें १८८३ सालीं पॅरिसचा करार झाला आणि एका देशांतील शोधकास इतर देशांतहि संरक्षण मिळण्याची वाट झाली. त्या कराराचा कारभार पाहणारी जागतिक बौद्धिक संपदा संघटना जिनीव्हांतच आहे.

पेटंट म्हणजे गुपित राखण्याचा परवाना, अशी आपल्याकडे समजूत आढळते. वस्तुस्थिति उलट आहे. त्या विषयांतील जाणत्यास वाचून वस्तु करतां यावी इतक्या स्पष्टपणें शोधकानें कृति लिहून द्यावयाची. त्याबद्दल राज्यानें त्याला, हल्लीं बहुधा अर्जापासून २० वर्षांचा, मक्ता द्यावयाचा. मुदत सरली कीं ती विद्या सर्वांची. मात्र अर्ज आधीं व प्रदर्शन मागून, हा क्रम सामान्यतः पाळावा लागतो. आधींच उघड झालेली वस्तु 'नवी' ठरत नाहीं.

हें ऐकून आमच्या कुटुंबास आपल्या वडिलांची आठवण झाली. ते वैद्य होते. भाजल्यावर लावावयाचें त्यांचें एक मलम पंचक्रोशींत प्रसिद्ध होतें. कृति त्यांनीं ना पुत्रास सांगितली, ना शिष्यास; ती त्यांजबरोबरच गेली. बाळपणीं स्वतः खलांत कुटून दिलेल्या जिनसांपैकीं कुटुंबास आज तीनच आठवतात. चोरानें नेलें नाहीं, तरी घरांत राहिलें नाहीं, असें तें धन!

सायंकाळीं सरोवराकांठीं गेलों. तेथील सुमारें १४० मीटर उंच उडणारें कारंजें जगप्रसिद्ध आहे. त्याचा उगम १८८६ सालचा. तेव्हां ऱ्होन नदीचें पाणी दाबानें कारखान्यांस पुरवीत. सायंकाळीं कारागीरांनीं यंत्रें बंद केलीं कीं दाब भलताच वाढे. तो सोडून देण्यास वाट केली आणि तींतून उंच फवारा उसळूं लागला. लोकांस तो इतका आवडला कीं, १८९१ सालीं त्याला सरोवरांत आणून नगराचा अलंकार केलें.

आमचा नातूहि एका वहींत यंत्रांचीं चित्रें काढतो आणि कोणी जवळ आलें कीं वही मिटतो. त्यास आम्हीं सांगितलें : प्रत्येक पानावर तारीख घाल, कृति अपुरी ठेवूं नको, आणि घरांतील एकातरी वडील माणसास ती समजावून दे. वाचकांच्या घरींहि अशी एखादी वही असेल. ती उघडली जाईल असा विश्वास मुलांस देणें हें आपणां वडील मंडळींचें काम आहे. आणि आपल्या स्वतःच्या हातच्या कृति लिहून ठेवणें, हें त्याहून आधींचें.