पंचांगावरच्या खुणा

लोणावळ्यास आमचें बिऱ्हाड येऊन बरींच वर्षें झालीं. गेल्या आषाढांत वळवणच्या धरणावर धुकें उतरलें असतां आमच्या थोरल्या जाऊबाई फळीवरचा डबा काढावयासहि कचरूं लागल्या. पुसलें तर “पावसानें अंग दुखतें,” एवढेंच उत्तर. त्यांच्या मावशी स्तनाच्या कर्करोगानें गेल्या होत्या. त्या धास्तीनें त्यांनीं तीन महिने कोणापाशीं अवाक्षर काढलें नव्हतें. एका चुलीशीं वावरून आम्हांस तें उमगूं नये याची लाज वाटते.

शेवटीं आम्ही दोघी लोकलनें पुण्यास गेलों. डॉक्टरीणबाईंनीं तपासलें, वय पाहून क्ष-किरणचित्रहि काढविलें, गांठ नव्हती. मग त्यांनीं सांगितलें, घरच्या पंचांगावर दुखेल त्या दिवशीं खूण करा, पाळीच्या दिवशीं निराळी. दोन महिन्यांत कोडें सुटलें. खुणा सगळ्या पाळीपूर्वींच्या आठ-दहा दिवसांत. पाळी येतांच ठणका ओसरे.

याचें मूळ संप्रेरकांत आहे. (‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं रूढ केला.) स्त्रीबीज बाहेर पडल्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन हीं द्रव्यें स्तनांतील दुग्धवाहिन्या व ग्रंथि यांस चेतवितात, त्या फुगतात, आणि बहुधा दोन्ही बाजूंस, काखेकडे विशेष, जडपणा येतो. पाळी जाण्यापूर्वींच्या वर्षांत या द्रव्यांचा मेळ बिघडतो, म्हणून चाळिशींत त्रास वाढूं शकतो. जाऊबाई बेचाळीस वर्षांच्या. गर्भनिरोधक गोळ्यांनींहि कोणाकोणास असें होतें.

उपाय साधाच निघाला: नीट मापाची, आधार देणारी बॉडी, फारच ठणकल्यास वर लावावयाचें मलम. निम्में दुखणें तर भीति गेली तेव्हांच गेलें.

मात्र गांठ लागली, कातडीस खळी पडली, बोंड आंत ओढलें गेलें वा त्यांतून रक्त आलें, किंवा एकाच जागीं सतत दुखूं लागलें, तर पंचांग पाहत बसूं नये, तडक दाखवावें, असें बाईंनीं बजावलें. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं, हें तर आम्हांस ठाऊकच नव्हतें.

पूर्वीं बाहेर बसण्याच्या चालीनें बाईचे दिवस घरभर ठाऊक असत. ती चाल गेली हें उत्तमच. पण तिच्या जागीं बोलण्याची चाल कांहीं आली नाहीं.

परवां सासूबाईंनीं चष्मा लावून पंचांग पाहिलें व “हे ठिपके कसले ग?” म्हणून पुसलें. जाऊबाईंनीं सांगितलें. सासूबाई तांदूळ निवडीत कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मलाहि होई. सांगणार कोणाला?”